पांघरूण लाथाडणारे मूल आणि गोव्यातली पहाट : आपले अनुभव लिहावेत

आमचा मुलगा वीस महिन्यांचा आहे आणि त्याने आजवर एकही पांघरूण पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ अंगावर राहू दिलेले नाही. आमचे घर स्लॅबचे. दिवसभर तापलेल्या त्या खोलीत तो रात्री नऊला झोपतो तेव्हा पंखा लावावा लागतो. पहाटे चारला मला जाग येते तेव्हा पंखा नकोसा झालेला असतो, चादर पायथ्याशी गोळा झालेली असते आणि तो पोटावर, गुडघे दुमडून, गादीच्या कडेला पोचलेला असतो. गोव्यात थंडी ती कसली, असे बाहेरचे लोक म्हणतात. किनाऱ्यालगतच्या पणजीपुरते ते बरेचसे खरेही आहे, कारण तिथे जानेवारीतही रात्रीचा पारा २० अंशांच्या आसपास थांबतो. परंतु आम्ही राहतो त्या सत्तरीसारख्या घाटाच्या पायथ्याच्या भागात तो त्याहून खाली उतरतो आणि त्याच दिवशी दुपारी ३२ अंशांचे ऊन पडलेले असते. एकाच रात्रीत मुलाला दोन ऋतू काढायचे असतात आणि आपण त्याला कपडे घालतो ते पहिल्या ऋतूचे.

एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपण्याच्या जागी सुटे पांघरूण आणि उशी ठेवूच नये, हे बालरोगतज्ज्ञांचे सांगणे सर्वांना ठाऊक असेलच. मी विचारते आहे ते त्यापुढच्या, चालत्या-बोलत्या मुलांविषयी. पांघरुणाविना त्यांची ऊब कशी टिकवता, काय करून पाहिले आणि काय सोडून दिले, ते कृपया सविस्तर लिहावे.

साखळीहून, दोन मुलांची आई

माझ्या थोरल्याच्या वेळी मी एक जाड स्वेटर घालत असे आणि पहाटे तो वर सरकून पोट उघडे पडलेले दिसे. धाकटीच्या वेळी जाड कपडा सोडला आणि पातळ कपड्यांचे दोन थर धरले. आत अंगाला बसणारे सुती बनियन, मांड्यांच्या मध्ये टिचबटणे लागणारे, म्हणजे मूल कितीही लोळले तरी ते वर चढत नाही. त्यावर पूर्ण बाह्यांचा सैलसर सदरा आणि घोट्याशी चुण्या असलेली विजार. दोन थरांच्या मध्ये जी हवा अडकते तीच खरी ऊब देते, म्हणून वरचा कपडा तंग नसावा.

आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा लक्षात आली. पहाटेच्या रडण्याचे कारण बहुतेक वेळा थंडी नसून ओल होती. डायपर भरून कमरेशी सदरा भिजलेला असे आणि ओला कपडा अंगातली ऊब झपाट्याने ओढून घेतो. आता मी स्वतः झोपण्यापूर्वी, अकराच्या सुमारास, तिला न उठवता डायपर बदलते. अर्ध्या रात्री त्यानेच सुधारल्या.

फोंड्याहून, एका नातवाची आजी

आमच्याकडे जुन्या लुगड्यांच्या गोदड्या शिवण्याची रीत आहे आणि माझ्या आईने शिवलेली एक अजून वापरात आहे. नातू दीड वर्षाचा झाला आणि गोदडी फेकू लागला, तेव्हा मी तिच्याच धर्तीवर त्याच्यासाठी अंगात घालायची गोदडी शिवली. वरून-खालून धुऊन-धुऊन मऊ पडलेले सुती लुगडे आणि मध्ये त्याचाच एक पदर, असे तीनच थर घेतले. कापूस भरला नाही, कारण तो धुतल्यावर गोळा होतो आणि आपल्या हवेत लवकर वाळत नाही. आकार बिनबाह्यांच्या झग्यासारखा ठेवला. हात मोकळे राहिले की मूल अडकल्यासारखे चिडत नाही आणि जास्तीची उष्णता हातांवाटे निघून जाते. खाली पोते शिवले तर उभे राहताना ते पडेल, म्हणून पाय बाहेर काढायला दोन वाटा ठेवल्या. आमचा नातू उठला की पहिल्यांदा दाराकडे धावतो.

शिवणाऱ्यांनी गळ्याकडे विशेष लक्ष द्यावे. गळा इतका मोठा नको की झोपेत डोके आत घसरेल आणि इतका लहान नको की मानेला काचेल. बटणे लावल्यावर मान आणि कापड यांच्यामध्ये माझे एक बोट सहज जाते, दोन बोटे जरा अडतात, असा मी ठेवला. नाडी, फीत, लोंबणारा गोंडा यांपैकी काहीही लावू नये. चेन लावायची असल्यास ती खालून वर न नेता वरून खाली बंद होईल अशी लावावी, म्हणजे हनुवटीला टोचत नाही, आणि आतून कापडाची पट्टी असावी. दोन नग करावेत, कारण एक ओला होणारच.

पणजीहून, एका मुलीचा बाबा

आजी, आपण तीन थर लिहिलेत ते वाचून बरे वाटले, कारण मी नेमकी उलटी चूक केली होती. माझ्या भावाने इंग्लंडहून मुलीसाठी झोपेची तयार पिशवी पाठवली. कापड सुरेख, शिवण सुरेख. पहिल्याच रात्री ती दोनदा किंचाळत उठली. पाहतो तर केस घामाने चिकटलेले, पाठ ओलीचिंब, आणि दुसऱ्या दिवशी मानेवर घामोळे. डिसेंबरात घामोळे! मग पिशवीच्या आतली पट्टी नीट वाचली. या पिशव्यांची ऊब ‘टॉग’ या मापात लिहिलेली असते. आमची २.५ टॉगची होती आणि ती १६ ते २० अंशांच्या खोलीसाठी असते. २० ते २४ अंशांना १ टॉग पुरतो आणि त्याहून गरम खोलीला ०.५. माझ्या मुलीच्या खोलीत रात्री अकराला २६ अंश होते आणि पहाटे २२. भावाची चूक नव्हती, त्याच्या घरची थंडी वेगळी.

त्यानंतर मी भिंतीवर एक साधा तापमापक लावला आणि आठवडाभर रात्री दहा व पहाटे पाच या दोन वेळांचे आकडे लिहून ठेवले. पालकांनी हे एकदा तरी करावे असे मी मनापासून सांगतो. आपल्या अंगाला वाटणारी थंडी हा भरवशाचा आधार नाही. पहाटे आपल्याच शरीराचे तापमान सर्वांत खाली गेलेले असते.

मडगावहून

एवढेच लिहिते, की आमचा मुलगा गादीवरून टाइल्सच्या जमिनीवर लोळत जात असे आणि गारठत असे. त्याच्या गादीच्या तिन्ही बाजूंना जुनी सतरंजी घडी करून अंथरली, ती भिंतीपर्यंत नेली. वरून काय घालावे याचा आम्ही वर्षभर विचार केला. थंडी खालून येत होती.

म्हापशाहून, लहान मुलांच्या विभागात काम केलेली परिचारिका

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक पालकांची पहिली तक्रार “हातपाय बर्फासारखे झाले होते” अशी असे. हातापायांवरून निष्कर्ष काढू नये. लहान मुलाचे शरीर ऊब प्रथम छाती-पोटाकडे राखते, त्यामुळे तळवे गार लागणे स्वाभाविक आहे. आपला हात आधी चोळून कोमट करावा आणि मानेच्या मागे, दोन खांद्यांच्या मध्ये किंवा पोटावर ठेवावा. तिथे कोरडे आणि ऊबदार लागले तर मूल ठीक आहे, त्याला झोपू द्यावे. तिथे गार लागले तर एक पातळ थर वाढवावा. दमट लागले, चेहरा लालसर असला किंवा श्वास भराभर चालू असला, तर एक थर ताबडतोब काढावा.

झोपताना टोपी घालू नये, हे मी आग्रहाने सांगते. लहान मुलाच्या अंगातील जास्तीची उष्णता बऱ्याच प्रमाणात डोक्यावाटे निघते आणि ती वाट बंद केली की मूल तापते. शिवाय टोपी सरकून नाकातोंडावर येते. गरम पाण्याची पिशवी मुलाच्या अंथरुणात कधीही ठेवू नये, कारण त्याची कातडी नाजूक असते आणि ते स्वतः दूर सरकेलच असे नाही. वजनदार भरण असलेल्या झोपेच्या पिशव्याही टाळाव्यात. अपुऱ्या दिवसांच्या किंवा आजारी मुलाबाबत मात्र हे नियम लावत बसू नये, आपल्या डॉक्टरांना विचारावे.

डिचोलीहून, सून आणि आई

टोपीविषयी लिहिलेत, तसेच शेगडीविषयी लिहावेसे वाटते. आमच्या घरी बाळाच्या अंघोळीनंतर ओवा आणि वावडिंगाची धुरी देण्याची पद्धत होती आणि थंडीत सासूबाई तीच निखाऱ्यांची शेगडी रात्री खोलीच्या कोपऱ्यात ठेवत. त्यामागे माया होती, यात मला कधीच शंका नव्हती. परंतु एका रात्री दारे-खिडक्या बंद असताना माझे आणि त्यांचेही डोके जड झाले, मुलगी सुस्त वाटली, आणि आम्ही तिघीही अंगणात येऊन बसलो. बंद खोलीत कोळसा अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपेतल्या माणसाला तो कळत नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी स्वतःच शेगडी मागच्या पडवीत नेली. आता त्या संध्याकाळी त्याच शेगडीवर नातीचे रात्रीचे कपडे लांबून शेकतात. ते कोरडे आणि कोमट कपडे अंगात जाताना मुलगी हसते.

पेडण्याहून, एक मामी

आमच्याकडे थंडीतल्या जत्रांना रात्रभर दशावतारी नाटक असते आणि पौषात धालोच्या, म्हणजे बायकांच्या नाचगाण्यांच्या, रात्री मांडावर (त्या नाचाच्या अंगणात) जाणाऱ्या आईबरोबर मूल जातेच. घरापेक्षा तिथली काळजी वेगळी आहे. उघड्यावर दव पडते आणि वरचा कपडा नकळत ओलसर होतो. मी भाचीला जाताना कुंची घालते, कान झाकते आणि मांडीवर घेऊन बसते. माझ्या अंगाची ऊब तिला पुरते. घरी परतल्यावर मात्र ती गाढ झोपलेली असली तरी कुंची आणि वरचा ओलसर कपडा काढून कोरडा सदरा घालते, मगच अंथरुणावर ठेवते. पुष्कळ आया मूल उठेल म्हणून तसेच निजवतात. ते मूल कुंचीत तापते आणि दवाने गारही होते.

पंख्याविषयीही लिहिते. डासांमुळे आम्ही तो बंद करू शकत नव्हतो. मच्छरदाणी लावल्यापासून पंखा मध्यरात्रीनंतर बंद राहतो, आणि जाळीमुळे फटीतून येणारा पहाटेचा वाराही अंगावर थेट येत नाही.

पुन्हा सत्तरीहून, धागा सुरू करणारी

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या दहा दिवसांत मी तीन बदल केले. पंखा साडेबाराला आपोआप बंद होईल असे वेळ लावायचे बटण बसवले, पँटमध्ये न खोचलेले सदरे बाजूला ठेवून टिचबटणांची बनियने आणली, आणि पहाटे चारला त्याचे पाय चाचपणे थांबवून मानेवर हात ठेवू लागले. पहिल्या रात्री तळवे गार होते आणि मान कोरडी, ऊबदार होती. मी पांघरूण घालण्यासाठी उचललेला हात मागे घेतला. हे मला सर्वांत अवघड गेले.

फोंड्याच्या आजींना एक विचारायचे आहे. माझ्या आईची दोन लुगडी माझ्याकडे आहेत, पण त्यांतले एक जरा खरखरीत आहे. ते मधल्या थराला चालेल, की मधला थरही मऊच हवा?