अनुभव धागा: कमी खर्चात मित्रमैत्रिणींशी संपर्क कसा ठेवता?

'फोन करत राहा' एवढंच नको. पद्धत, खर्च आणि गाडी कुठे अडते ते लिहा.

टपालपेटी
पोस्टकार्ड 50 पैसे, आंतरदेशीय पत्र अडीच रुपये. लहान पोस्टात कार्डं बऱ्याचदा नसतात, म्हणून मुख्य टपाल कार्यालयातून 25 एकदम घ्या. साडेबारा रुपयांत महिन्याला दोन पत्रांची वर्षभराची सोय. लिहायला बॉलपेन, जेल पेनने लिहिलेला पत्ता पावसाळ्यात पसरतो. आंतरदेशीय पत्रात फोटो-बिटो घालू नका, आत काही घातलं की त्याला तो दर लागू होत नाही. पिनकोड मात्र टाळू नका. वडगाव नावाची गावं महाराष्ट्रात ढिगाने आहेत आणि ती वेगळी ओळखायची तर पिनच कामाला येतो. (ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकरांनी बसवली, 15 ऑगस्ट 1972 पासून. मराठी माणूस, शिवाय संस्कृत कवी!)

आळीपाळी
पाच-सहा जणांचा गट असेल तर फिरतं पत्र काढा. पहिल्याने एक पान लिहायचं, सोबत सगळ्यांचे पत्ते क्रमाने जोडायचे आणि पाकीट दुसऱ्याला पाठवायचं. प्रत्येकजण आपलं पान घालून पुढे पाठवतो. पाकीट फिरून आलं की आपलं जुनं पान काढून नवं ठेवायचं.
वजनाचं गणित आधी करा. साधं पत्र 20 ग्रॅमपर्यंत 5 रुपयांत जातं. 75 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 75 ग्रॅम भरणारा) ए-फोर कागद पावणेपाच ग्रॅमच्या आसपास भरतो, पाकीट चार-पाच ग्रॅम. म्हणजे पूर्ण पानं तीनच बसतात. सहा जण असतील तर प्रत्येकाने अर्धं पान दोन्ही बाजूंनी लिहावं, मग 5 रुपयांतच भागतं. तिकीट कमी लावलं तर भुर्दंड घेणाऱ्याला पडतो.
पत्र रखडतं ते एकाच आळशाकडे, आणि तो प्रत्येक गटात असतोच. त्यावर नियम: दहा दिवसांत सुचलं नाही तर कोरं पान घालून पुढे ढकला. साध्या टपालाचा माग काढता येत नाही, म्हणून टाकण्यापूर्वी पानांचे फोटो काढून ठेवा.

बिनस्मार्ट
साध्या फोनवाल्यांना विसरू नका. पहिल्याला फोन लावा, उचलला की 'ॲड कॉल' करून दुसऱ्याला, मग 'मर्ज'. बहुतेक फोनवर असे पाच जण जोडता येतात. पैसे मात्र जोडणाऱ्याचे जातात, त्यामुळे ज्याचा अमर्याद कॉलचा रिचार्ज आहे त्यानेच जोडावं.

सातासमुद्रापार
दुबई-अबुधाबीतल्या मित्राला व्हॉट्सॲप कॉल लागत नसेल तर नेटला दोष देऊ नका, तिथे ते कॉल अडवलेले आहेत. निरोप आणि व्हॉइस मेसेज जातात. प्रत्यक्ष बोलायला झूम किंवा बोटिम ही कॉलची ॲप्स वापरा.
अमेरिकेसाठी घोळ वेगळा. तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं बदलतात, आपली नाहीत. न्यूयॉर्कशी उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक, हिवाळ्यात साडेदहा. ठरलेली वेळ नेहमी एकाच गावच्या घड्याळाने बांधा आणि कुठल्या ते लिहून ठेवा.
डेटा पुरत नसेल तर व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज आणि डेटा'खाली कॉलसाठी कमी डेटा वापरण्याची सोय आहे. व्हिडिओ बंद केला तर त्याहून जास्त वाचतो.

चकली
दिवाळी अंकांची साखळी. सहा जणांनी सहा वेगवेगळे अंक घ्यायचे (कोण काय घेणार ते आधी ठरवा, नाहीतर एकच अंक तिघांकडे) आणि दर 15 दिवसांनी पुढच्याला द्यायचे. तीन महिन्यांत एका अंकाच्या किमतीत सहा वाचून होतात. समासात पेन्सिलने शेरे मारायची मुभा ठेवा, निम्म्या गप्पा तिथेच होतात. एका शहरातल्यांनीच करा. अंक जड असतात, टपालखर्चात बचत बुडते.

लालपरी
भेटायचंच असेल तर एसटी. महिलांना आणि 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट, 75 च्या पुढे मोफत. ज्येष्ठांनी आधार सोबत ठेवावं. सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, त्यामुळे पणजी-बेळगावच्या मैत्रिणींना भेटायला सावंतवाडी किंवा कोल्हापूर ठरवा. आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता ते स्थानकात उतरल्या उतरल्या विचारून घ्या, गप्पा रंगल्यावर नाही.