श्रीमंतांचाच खेळ? तसं नाही

वरच्या एका प्रतिसादात म्हटलंय की शिडाच्या होड्यांच्या शर्यती म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले, मध्यमवर्गीय पोरांनी त्यातून ऑलिंपिकची स्वप्नं बघू नयेत. मला हे अजिबात पटत नाही. विष्णू सरवणन लष्करातला खेळाडू. जानेवारी २०२४ मध्ये ॲडलेडच्या जागतिक स्पर्धेत २६वा येऊन त्याने पॅरिसचं तिकीट मिळवलं आणि ऑलिंपिकमध्ये १८वा आला. नेत्रा कुमानन २०२१ मध्ये ओमानमधल्या पात्रता स्पर्धेतून टोकियो ऑलिंपिकसाठी पात्र ठरली, या खेळात तिथवर पोचलेली पहिली भारतीय मुलगी.

आम्ही वाशीचे. माझी लेक रविवारी पहाटेच्या हार्बर लोकलने सीएसएमटी गाठते, तिथून कुलाबा, शिडाची होडी शिकायला. सध्या ऑप्टिमिस्टवर, म्हणजे मुलांच्या छोट्या होडीवर आहे. ती होडी पंधराव्या वर्षापर्यंतच, मग इल्का, ही एकट्याने चालवायची मोठी होडी. त्यात सांगाडा तोच, शीड मात्र आकड्याबरोबर वाढत जातं: मुलींना ऑलिंपिकला इल्का ६, मुलांना ७. वारा वाढला की पाय पट्ट्यात अडकवून अख्खं अंग होडीबाहेर झोकायचं. मांड्या थरथरतात, ओल्या दोराने तळहात सोलून निघतात. परवा डबा उघडताना तिला झाकणही फिरवता येईना, तरी 'आई, आज ओहोटीचा प्रवाह बरोबर ओळखला' हेच सांगत होती.

खर्च आहेच, खोटं कशाला बोलू? विशेषतः परदेशी स्पर्धांचा. पण सुरुवात क्लबच्या होडीवर होते, स्वतःची घ्यावी लागत नाही. आणि खाडीकाठी वाढलेल्या आपल्या पोरांना भरती-ओहोटी कुणी वेगळी शिकवायला नको. ऐरोली-बेलापूरकडचं कुणी पाठवणार असेल तर जरूर लिहा, लोकलला सोबत होईल.