भावावर कोयत्याने वार केले, आता गाव म्हणतंय माफ करा

सत्तरीकर:
काजूच्या बागेच्या मेरेवरून शेजाऱ्याने माझ्या मोठ्या भावावर कोयत्याने वार केले. हात वाचला पण दोन बोटं वळत नाहीत, काजूचा सीझन तोंडावर आलाय आणि घरात कमावणारा तोच. वार करणारा जामिनावर सुटून रोज आमच्या दारावरून जातो. धाकटा म्हणतो मी पण कोयता काढतो. आई म्हणते सूड नको, देव बघून घेईल. गावातली वजनदार माणसं म्हणतात देवळात गाऱ्हाणं घालूया, तो पाया पडेल, तुम्ही केस मिटवा. भाऊ कोणाशीच काही बोलत नाही. माफ करायचं म्हणजे नक्की काय करायचं हो?

फोंडेकर:
आधी धाकट्याला आवरा, काही दिवस मामाकडे वगैरे पाठवा. त्याने नुसता हात जरी उचलला तरी समोरचा क्रॉस केस टाकणार, मग तुमचा भाऊ जखमी राहिला बाजूला आणि दोन्ही घरं कोर्टात आरोपी म्हणून उभी.

माशेलची माई:
बाळा, माफी आणि केस एकत्र बांधू नको. 1999 च्या जानेवारीत ओडिशात मनोहरपूरला ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलग्यांना गाडीत झोपलेले असताना जाळलं. बायको ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना माफ केलं म्हणून सांगितलं आणि तिथेच राहून कुष्ठरोग्यांची सेवा करत राहिल्या. पण खटला थांबला नाही, मुख्य आरोपी दारा सिंगची जन्मठेप 2011 ला सुप्रीम कोर्टानेही कायम ठेवली. 1986 ला गोव्यात आले होते ते पोप जॉन पॉल, त्यांच्यावर 1981 ला गोळ्या झाडणाऱ्याला ते 1983 मध्ये तुरुंगात जाऊन भेटले, माफ केलं, तरी तो माणूस पुढे कितीतरी वर्षं आतच होता.

डिचोलीकर:
माईंचं पटतं, पण मला राग वेगळ्याच गोष्टीचा येतो. माफ करायचा हक्क फक्त ज्याची बोटं गेली त्याचा, आईचा नाही, तुमचाही नाही, आणि देवळातल्या मंडळींचा तर मुळीच नाही. चार लोकांसमोर उभं करून मान डोलवायला लावली तर ती कसली माफी, ती जबरदस्ती झाली. भावाला एकट्याला बसवून विचारलंत का त्याला काय हवंय? त्याला आत्ता माफ करायचं नसेल तर नको करू दे, त्यात पाप नाही काही.

वकिलीण पणजी:
खुनाचा प्रयत्न म्हणून बीएनएसचं (भारतीय न्याय संहितेचं) 109 कलम लावलं असेल तर ते गावात किंवा पोलिस स्टेशनात मिटतच नाही, तडजोड झाली तरी हायकोर्टात जावं लागतं आणि कोर्ट जखमा बघून ठरवतं. तो दारावरून जाताना धमकावत असेल तर लेखी तक्रार द्या, जामीन रद्द करायला मागता येतो. आणि नुकसानभरपाई! बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 396 खाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, केस संपायची वाट बघू नका. बोटांचे मेडिकल कागद जपून ठेवा.

सत्तरीकर:
भावाला विचारलं. म्हणाला, त्याला मारायचं नाही मला, पण पाया पडून घ्यायलाही नको, कोर्टात मात्र सगळं सांगणार. धाकटा ऐकून रडला. भरपाईचा अर्ज भरतोय. मंडळी परत आली तर आईने काय सांगायचं?

माशेलची माई:
सांग म्हणावं, आमच्या मनात सूड नाही, केस सरकारची आहे, आणि माझ्या मुलाला परत विचारायला येऊ नका.