प्रिव्ही मार्कवालं चांदीचं नाणं घ्यायचंय, बजेट १५ हजार

घड्याळजी_अमळनेर
नमस्कार मंडळी. अमळनेरला आमचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. त्यामुळे दिवसभर डोळ्याला भिंग. गेल्या महिन्यात मावसभाऊ कॅनडाहून आला. त्याने तिकडचं मेपल लीफ नाणं हातात ठेवलं, एक औंस चांदी. पानाच्या बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी उठलेलं दिसलं. वाटलं, पडून ठोका बसलाय. भिंग लावलं तर जहाज! टायटॅनिक. २०१२ चं नाणं, जहाज बुडाल्याला १०० वर्षं झाली म्हणून मारलेली खूण. त्याला प्रिव्ही मार्क म्हणतात हे भावाने सांगितलं.

जुन्या इंग्रजी खिशातल्या घड्याळांच्या चांदीच्या झाकणात आतून असेच बारीक शिक्के असतात. चालता सिंह असेल तर स्टर्लिंग चांदी, नांगर असेल तर बर्मिंगहॅम. ते वाचायची सवय असल्याने या नाण्यात जीव अडकला. भाऊ ते घेऊन परत गेला, मागायची लाज वाटली.

तर मलाही एक घ्यायचंय. एकच. कोणत्या देशाचं घ्यावं, खरं कसं ओळखावं, कुठे मिळेल? बजेट १५ हजार, वर एक रुपया नाही. गुंतवणूक नाही, हौस आहे.

चोखचांदी_जळगाव
भाऊ, १५ हजारात काय होतं आजकाल? अजून पैसे जमवा आणि अर्ध्या किलोची लगड घ्या. मी स्वतः दोन घेतल्या, आज आनंदात आहे. सराफाच्या काट्यावर वजन आणि टंच बघतात. नाण्यावर वाघ असो नाहीतर बोका, मोडीचा भाव एकच.

घड्याळजी_अमळनेर
मोडायचं नाहीये दादा. आणि लगडीत भिंगाने काय बघू?

भुसावळ_जंक्शन
माझा अनुभव ऐका, मग ठरवा. एका ऑनलाइन साईटवर अमेरिकन ईगल घेतलं, "९९.९ चांदी, मर्यादित साठा". पार्सल उघडलं, नाणं फ्रिजवर ठेवलं आणि ते फ्रिजला चिकटलं. मिसेस म्हणाल्या, छान आहे, लाइटचं बिल लावायला होईल. अजून तिथेच आहे, खाली बिल लटकतंय. परत घ्यायला कोणी तयार नाही, नंबर बंद.

चोखचांदी_जळगाव
तेच म्हणतोय. जळगावच्या सराफात पक्कं बिल घेऊन लगड घ्या.

सिएटलकर_मूळ_पारोळा
मी इकडे १२ वर्षं आहे. माझ्याकडे २०२० चं सिल्व्हर ईगल प्रूफ (संग्राहकांसाठी आरशासारखं चकचकीत पाडलेलं) आहे, त्यावर 'व्ही ७५' ही खूण. दुसरं महायुद्ध संपल्याला ७५ वर्षं झाली म्हणून ७५,००० च नाणी काढली होती. सोन्याची फक्त १,९४५. टांकसाळीच्या साईटवर सकाळी विक्री सुरू होताच पेज बसलं, मी दोन लॅपटॉप आणि बायकोचा फोन घेऊन बसलो होतो. चांदीचं मिळालं, सोन्याचं हुकलं. माझा सल्ला, सुरुवात करायचीच तर प्रूफमध्ये करा आणि जमलं तर सोन्यात. चांदी ही तडजोड आहे.

घड्याळजी_अमळनेर
साहेब, बजेट १५ हजार रुपये आहे, डॉलर नाही.

पल्लवी_धुळे
आधी एक गोंधळ दूर करते, कारण विकणारे याचाच फायदा घेतात. टांकसाळीची खूण वेगळी आणि प्रिव्ही मार्क वेगळा. टांकसाळीची खूण नाणं कुठे पाडलं ते सांगते. प्रिव्ही मार्क पूर्वी टांकसाळीच्या अधिकाऱ्याची गुपचूप सही असायची. वजनात किंवा कसात खोट निघाली तर कोणाची मान धरायची हे त्यावरून कळायचं. आता ती जबाबदारीची गोष्ट राहिली नाही. नेहमीच्याच नाण्यावर एखाद्या प्रसंगाची छोटी खूण मारायची, कमी नाणी काढायची आणि थोडे जास्त पैसे घ्यायचे.

तुमच्या कामाचं म्हणजे चांदीचं मेपल (१९८८ पासून, ९९.९९ टक्के, दर्शनी किंमत ५ कॅनडियन डॉलर) किंवा दक्षिण आफ्रिकेचं २०१७ चं चांदीचं क्रुगररँड. क्रुगररँड मुळात सोन्याचं, १९६७ पासूनचं. त्याला ५० वर्षं झाली तेव्हा पहिल्यांदा चांदीत काढलं आणि त्यावर '५०' ची प्रिव्ही खूण मारली. ती १० लाख नाणी निघाली, त्यामुळे फार दुर्मीळ नाही. पण हात पोळणार नाही अशी सुरुवात.

चोखचांदी_जळगाव
ताई, मेपलवर तर सगळ्यांवरच खूण असते. माझ्या मेव्हण्याकडे २०१९ चं आहे, त्यावर बारीक पान कोरलेलं आहे. म्हणजे प्रिव्हीच झाला ना?

पल्लवी_धुळे
नाही. ती सुरक्षेची लेझर खूण. चांदीच्या मेपलवर २०१४ पासून आली, त्या पानाच्या आत वर्षाचे शेवटचे दोन आकडे असतात. किरणांसारख्या रेघाही तेव्हापासूनच्या. त्या प्रत्येक नाण्यावर असतात.

चोखचांदी_जळगाव
मग सोपं झालं. रेघा नसतील ते नकली.

पल्लवी_धुळे
दादा, नीट वाचा. २०१४ च्या आधीच्या नाण्यांना रेघा नसणारच. उलट जुन्या सालाच्या नाण्यावर रेघा दिसल्या तर पळा.

नाना_देवपूर
खुणांचं म्हणाल तर आमच्या आजीच्या गळ्यात गिन्नी होती, १९१८ ची, त्यावर इंग्रजी 'आय' अक्षर. हाच खरा प्रिव्ही मार्क. मुंबईत पाडलेली गिन्नी. बाकी सगळं आजकालचं फॅड.

पल्लवी_धुळे
नाना, ती टांकसाळीची खूण. आय म्हणजे इंडिया. २०१३ पासून एमएमटीसी-पॅम्प या सोनं-चांदी शुद्ध करणाऱ्या कंपनीनेही 'आय' खुणेच्या गिन्न्या इथे पाडल्या.

नाना_देवपूर
मी गिन्नी डोळ्यांनी पाहिली आहे. तुम्ही कुठे पाहिली?

पल्लवी_धुळे
नाना, पाहिली असणारच. नाव वेगळं आहे इतकंच म्हणतेय.

तापीकाठ_शिरपूर
मनाकडे बी एक शे, गिन्नी नही, जुना चांदीना रुपया. आमना बाप कपाशी इकीसन लयेल व्हता. काय भो घड्याळवाला, चांदी ली ठेव, कामले यी.

केळीवाला_रावेर
औंस औंस काय लावलंय. तोळ्यात सांगा की किती होतं.

चोखचांदी_जळगाव
३१ ग्रॅम. तीन तोळ्यांवर एक ग्रॅम.

नाना_देवपूर
चूक. तोळा ११.६६ ग्रॅमचा. औंस म्हणजे बरोबर २ पूर्णांक २/३ तोळे. चांदीचा रुपया म्हणजे एक तोळा, हे आमच्या वेळी पोरासोरांना माहीत होतं.

चोखचांदी_जळगाव
नाना, तुमच्या वेळचा तोळा गेला. आज सराफात जाऊन ११.६६ चा तोळा मागून बघा, १० ग्रॅमच हातात देतील.

नाना_देवपूर
म्हणूनच म्हणतो सराफाकडे जाऊ नका.

भुसावळ_जंक्शन
चुंबकाची टेस्ट मात्र करा. माझं ऐकलं असतं कोणी तर...

पल्लवी_धुळे
चुंबकाने लोखंड, निकेल असे थोडेच धातू पकडले जातात. शिसं, पितळ, तांब्यावर चांदीचा मुलामा दिला तर चुंबक गप्पच. घड्याळजींकडे पॉइंट शून्य एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा असेलच. पद्धत अशी: काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करायचं. नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण सोडायचं, तळाला आणि काठाला लावायचं नाही. चांदीची घनता १०.४९, त्यामुळे एक औंसाच्या नाण्याला काटा २.९६ च्या आसपास दाखवतो. तांबं हलकं असल्याने आकडा साडेतीनपर्यंत जातो. मेपल असेल तर व्यास ३८ मिलिमीटर, तोही व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या कॅलिपरने) मोजा. ईगल मोठं असतं, ४०.६.

आणि नवीन नाणं घेत असाल तर पांढऱ्या डागांचं लक्षात ठेवा. दुधाचे थेंब सुकल्यासारखे दिसतात. चकती धुताना राहिलेला रसायनाचा अंश भट्टीत भाजून निघतो, आणि डाग कधी कधी वर्षांनंतर उमटतो. कॅनडाने २०१८ पासून मिंटशील्ड नावाची प्रक्रिया आणली, त्याआधीच्या मेपलला हा त्रास फार. डागाळलेलं घेऊ नका, विकताना कोणी विचारत नाही.

केळीवाला_रावेर
डाग पडला तर चिंचेने घासायचं. देव्हाऱ्यातला करंडा बघा आमचा, आरशासारखा.

सिएटलकर_मूळ_पारोळा
नको!!! घासलेलं नाणं म्हणजे गेलेलं नाणं.

केळीवाला_रावेर
मग टूथपेस्ट.

भुसावळ_जंक्शन
डाग असलेलं घेऊच नका. फ्रिजला चिकटलं तरी निदान माझं चकाचक आहे.

पल्लवी_धुळे
ठेवायचंही बघा. बाजारात मऊ प्लास्टिकचे पाऊच मिळतात, ते बहुतेक पीव्हीसीचे. आपल्याकडच्या मे महिन्यात कपाटाच्या वरच्या कप्प्यात वर्षभर राहिलं की चिकट हिरवट थर येतो, चांदी खायला लागते. कडक ॲक्रिलिकची गोल डबी घ्या, नाण्याच्या मापाची.

केळीवाला_रावेर
जळगाव जिल्ह्यात राहून पीव्हीसीला नावं ठेवता ताई? अर्ध्या जिल्ह्याचं पाणी त्याच्यातून जातं, आणि झोपतो त्या चटयाही प्लास्टिकच्याच.

पल्लवी_धुळे
मी धुळ्याची. आणि पाइपात नाणं ठेवत नाही मी.

चाळीसगाव_पॅसेंजर
धागा वाचून गल्ला उपसला. १० रुपयांच्या नाण्यांवर सालाखाली कुठे पत्त्यातली चौकट आहे, कुठे चांदणी, कुठे ठिपका, कुठे काहीच नाही. हेच का प्रिव्ही मार्क? विकले जातील का?

पल्लवी_धुळे
चौकट म्हणजे मुंबई, चांदणी हैदराबाद, ठिपका नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. टांकसाळीच्या खुणा. १० रुपयाचे १० रुपयेच.

चाळीसगाव_पॅसेंजर
पण वैष्णोदेवीवालं ५ चं नाणं १० लाखाला जातं म्हणतात. मला मेसेज आला होता, आधी रजिस्ट्रेशनचे ८५० भरा म्हणून.

भुसावळ_जंक्शन
भरलेस?

चाळीसगाव_पॅसेंजर
अर्धे.

पल्लवी_धुळे
अरे देवा. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच सांगितलंय की आमच्या नावाने जुनी नाणी विकत घेणारे फसवे आहेत. बाकीचे अर्धे भरू नकोस.

सिएटलकर_मूळ_पारोळा
घड्याळजी, मी डिसेंबरला येतोय. आणून देऊ का एखादं? कस्टम्सचं काही नसतं, दागिन्यांना सूट असते ना.

पल्लवी_धुळे
ती सूट दागिन्यांना. नाण्यांना लागू होत नाही, लाल मार्गाने जाऊन ड्यूटी भरा. परदेशातून कुरिअरने मागवलं तरी ड्यूटी, जीएसटी आणि वर कुरिअरवाल्याची हाताळणी. मी एकदा असं एक नाणं मागवलं, ते महिनाभर अडकलं, आणि सुटून आलं तेव्हा डबीला तडा. त्यापेक्षा मुंबई-पुण्याकडच्या नाण्यांच्या प्रदर्शनात जा. आधीच देशात आलेलं नाणं, समोर ठेवून, भिंग लावून, बिलासकट घ्या. भाव करताना आधी त्या दिवशीची ३१.१ ग्रॅम चांदीची किंमत काढायची, वरचे पैसे म्हणजे खुणेचे पैसे. ते तुम्हाला परवडतात का एवढंच बघायचं.

चोखचांदी_जळगाव
म्हणजे खुणेचे पैसे वाया. मी पहिल्यापासून हेच म्हणतोय.

नाना_देवपूर
गिन्नी घ्या.

घड्याळजी_अमळनेर
मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय. लग्नसराई होती, गिफ्टच्या घड्याळांचे पट्टे कापण्यात वेळ गेला.

घेतलं. पुण्याला एका प्रदर्शनात. क्रुगररँड बघितलं, हरिण सुंदर आहे. पण शेजारच्या टेबलावर १९९८ चं मेपल होतं, त्यावर वाघाची खूण. चिनी पंचांगात ते वाघाचं वर्ष. आमची मोठी १९९८ ची. विकणाऱ्याने डबी उघडली आणि स्वतःच म्हणाला, काका, राणीच्या गालावर डाग आहे बघा. पांढरा, मसुराएवढा, एक कानाजवळ छोटा. म्हणून भाव बराच उतरवला. पल्लवीताईंचं वाक्य डोक्यात होतं, टेबलापासून दोनदा निघालो आणि दोनदा परत आलो.

वाघ मनगटी घड्याळाच्या चावीच्या डोक्याहून लहान असेल. दहापटीचं भिंग लावलं तरी मला पुरेसं वाटलं नाही. घरी येऊन पेल्यात सोडलं: २.९७. व्हर्नियर: ३८.०. रेघा नाहीत, साल १९९८, त्यामुळे बरोबर. जीएसटी आणि एसटीचं तिकीट धरून बजेटच्या आत बसलं.

चोखचांदी_जळगाव
डागाळलेलं घेतलं! एवढं सांगून!

सिएटलकर_मूळ_पारोळा
ग्रेडिंगला, म्हणजे नाण्याची अवस्था बघून नंबर देणाऱ्यांकडे, पाठवलंत तर नंबर खूप खाली येईल, सांगून ठेवतो.

केळीवाला_रावेर
थोडीशी चिंच लावून बघा, मागच्या बाजूला.

घड्याळजी_अमळनेर
मागच्या बाजूला वाघ आहे.

पल्लवी_धुळे
मी डागाचं घेतलं नसतं. पण २.९७ आलं ना, मग झोपा निवांत. फोटो टाका, भिंगातून काढलेला.

भुसावळ_जंक्शन
फ्रिजला लावून बघितलं का?

घड्याळजी_अमळनेर
बघितलं. खाली पडलं. मोठी म्हणाली, बाबा, माझ्या वर्षाचं नाणं आहे ना, मग आपटताय कशाला.

नाना_देवपूर
अमळनेरला दुकान कुठे आहे तुमचं? माझं एचएमटी जनता चावी दिली तरी रात्री अडीचला थांबतं. धुळ्यात दोघांनी उघडलं, दोघांनाही जमलं नाही.

घड्याळजी_अमळनेर
घेऊन या नाना. बहुतेक तेल सुकलंय. आणि गिन्नी अजून घरात असेल तर तीही आणा, आत काय काय लिहिलंय ते बघू.