कविता 'खेळणाऱ्या'ला मराठीत काय म्हणावं?

काटेसावर
एका दिवाळी अंकासाठी व्हिडिओ गेमांवरचा लेख मराठीत आणते आहे आणि एका वाक्यावर संपादकांशी वाजलं आहे. इथल्या जाणकारांचं मत हवं आहे.

गेमचं नाव 'एलेजी फॉर अ डेड वर्ल्ड'. डेजोबान गेम्स आणि पॉपकॅनिबल या दोन छोट्या अमेरिकन स्टुडिओंनी मिळून तो डिसेंबर २०१४ मध्ये आणला. माहीत नसलेल्यांसाठी: अंतराळवीराच्या वेशातली एक आकृती तीन ओसाड जगांतून एकटीच फिरते. ही जगं शेली, बायरन आणि कीट्स या इंग्रज कवींच्या एकेका कवितेवरून उभी केलेली आहेत. मारामारी नाही, हरणं-जिंकणं नाही. वाटेत ठिकठिकाणी अर्धवट ओळ समोर येते आणि उरलेली तुम्ही पुरी करायची. आधार नकोच असेल तर कोरी जागा घेऊन सगळं स्वतःचं लिहायचं. लिहिलेलं बाकीच्यांना वाचायला ठेवता येतं, त्यांचं आपण वाचू शकतो, आवडलं तर दाद देऊ शकतो.

मी लिहिलं होतं, 'खेळाडू अर्धी ओळ पुरी करत करत कविता रचतो.' संपादकांनी ते असं केलं: 'वापरकर्ता दिलेल्या जागी मजकूर भरतो.' कारण काय, तर खेळाडू म्हटलं की वाचकाला मैदान दिसतं, आणि गाळलेल्या जागा भरण्याला रचणं म्हणत नाहीत.

'वापरकर्ता' मला मान्य नाही. बँकेचं ॲप वापरणारा वापरकर्ता. इथे माणूस मेलेल्या शहरातून चालतोय आणि त्या शहराबद्दल काहीतरी बोलू पाहतोय. त्याला नाम कोणतं द्यावं आणि तो करतो त्याला क्रियापद कोणतं, एवढंच विचारायचं आहे.

आडवाट
खेळाडूला हरकत घेण्यासारखं काही दिसत नाही. बुद्धिबळवालाही खेळाडूच, त्याला कुठे मैदान लागतं? फारच टोचत असेल तर सरळ 'खेळणारा' लिहा. मराठीत धातूला '-णारा' लावला की निम्मे प्रश्न सुटतात, पण आपल्याला नाम संस्कृतात सापडेपर्यंत चैन पडत नाही.

तिठा
'खेळणारा' ठीक आहे, पण त्याहून चांगला शब्द आमच्याकडे रोज वापरात आहे. रत्नागिरी, संगमेश्वर, गुहागर पट्ट्यात 'खेळे' म्हणतात. नमन-खेळे. शिमग्यात पालखीबरोबर घरोघर जातात ते खेळे. एकवचनी खेळ्या. हे लोक चेंडूफळी खेळत नाहीत. गातात, नाचतात, सोंगं आणतात. गवळणीतल्या मावशीच्या तोंडची वाक्यं कुठे लिहिलेली नसतात. समोर कोण बसलंय, गावात त्या वर्षी काय घडलंय, त्यावर ती जागच्या जागी जुळतात. माझे चुलते मावशी करायचे. पेंद्याने टाकलेलं वाक्य उचलून त्याला यमक लावून परत फेकायचे, आणि मृदंगवाला त्यांच्याकडे बघत थांबलेला असायचा, की हे कुठे संपवतायत. म्हणजे अर्धी ओळ समोरच्याने दिली आणि उरलेली यांनी पुरी केली. काटेसावर, तुमच्या गेममध्ये याहून वेगळं काय चाललंय? 'खेळ्या' लिहा.

दौत
तिठा, शब्द सुंदर आहे, पण नाशिकचा वाचक 'खेळ्या' वाचून खेळीचं अनेकवचन समजेल. 'त्याच्या खेळ्या ओळखा' असं आपण रोज ऐकतो.

मला क्रियापदाबद्दल बोलायचं आहे. 'रचणे' हा मानाचा शब्द आहे असं गृहीत धरून इथे भांडण चाललंय. दासबोधाच्या चौदाव्या दशकात तिसरा समास कवित्वकलेवर आहे. समर्थ कवित्वाचे तीन प्रकार सांगतात: धीट, पाठ आणि प्रासादिक. त्यातला सगळ्यात खालचा तो धीट, आणि त्याचं वर्णन करताना शब्द येतात 'बळेंचि कवित्व रचिलें'. म्हणजे ओढूनताणून केलेल्या कवितेला त्यांनी रचणं म्हटलंय. दुसरा प्रकार पाठ. पुष्कळ ग्रंथ वाचले, त्यांच्यासारखं आपणही केलं. शेलीच्या जगात उभं राहून शेलीच्या सुरात ओळ पुरी करणं हे अगदी पाठ कवित्व आहे. तेव्हा संपादकांना सांगा, 'रचतो' म्हणण्यात आम्ही त्या माणसाला कुठे चढवून ठेवलेलं नाही.

पाटावरवंटा
दौत, समर्थांनी तिथे रचण्याला दोष दिलेला नाही, 'बळेंचि'ला दिलाय. क्रियाविशेषण काढून क्रियापदावर आळ घेऊ नका. आणि तुकोबा तर 'करितों कवित्व' म्हणतात. कविता करणे हेच जुनं, साधं, घरचं. आपल्याकडे आजीसुद्धा म्हणायची, 'पोरगा कविता करतो.' रचतो, प्रसवतो, साकारतो हे सगळं नंतरच्या पुस्तकी मराठीतलं.

सातबारा
कुणी 'पाडणे' म्हणालं नाही अजून, म्हणून मी म्हणतो. साचा दिलेला आहे, त्यात आपला माल घालायचा आणि काढायचा. याला मराठीत पाडणे म्हणतात. कविता पाडणे.

काटेसावर
सातबारा, ती चेष्टा झाली. 'पाडलेली कविता' म्हणजे वाईट कविता. या लेखात लेखकाला नेमकं उलटं म्हणायचं आहे.

सातबारा
ताई, मी चेष्टा करत नाही. आमची वीटभट्टी होती, कराडच्या खाली, नदीकाठाला. विटा पाडणे हा आमच्या घरातला रोजचा शब्द. चिखल आदल्या दिवशी तुडवून ठेवायचा, साच्याला आतून राख नाहीतर बारीक वाळू लावायची, गोळा उचलून एका दणक्यात साच्यात आपटायचा, वरचा जादा माल हाताने कापायचा आणि साचा उलटा करून उचलायचा. साचा सगळ्यांचा सारखाच, पण कोणती वीट कुणाच्या हातची हे आई लांबून ओळखायची. काहींच्या विटेचे कोन धारदार, काहींच्या विटेला एक कोपरा कायम बसका. साच्यातून निघालं म्हणजे हात दिसत नाही, हे साचा न उचललेल्या माणसाचं मत आहे. टाकसाळीतही नाणी 'पाडतात'. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. कवितेच्याच बाबतीत तो शब्द शिवी का झाला?

आडवाट
+१. सातबारांचा प्रतिसाद या चर्चेतला सगळ्यात मोलाचा आहे.

दौत
मुद्दा पटला, तरी शब्द नाही पटत. शब्दाला जो वास लागलाय तो एका लेखाने जात नाही.

ओलीसुकी
मंडळी, आपल्याकडे या खेळाला नाव आहे आणि ते निदान हजार वर्षं चालत आलंय. समस्यापूर्ती. एकाने श्लोकाचा एक चरण द्यायचा, बहुतेकदा अर्थहीन किंवा अशक्य वाटणारा, आणि दुसऱ्याने उरलेले चरण असे लावायचे की तो दिलेला चरण सार्थ व्हावा. भोज-कालिदासाची गोष्ट सगळ्यांनी शाळेत ऐकलेली असते. दिलेला चरण काय, तर 'ठंठं ठठंठं ठठठं ठठंठः'. पाठभेद आहेत, पण प्रकार हाच, निव्वळ आवाज. आणि त्याची पूर्ती अशी: रामाच्या अभिषेकासाठी पाणी आणणाऱ्या तरुणीच्या हातून सोन्याची घागर निसटली, ती पायऱ्यांवरून गडगडत गेली, तिचा आवाज हा. गोष्ट दंतकथा असेल, कालिदास आणि भोज यांच्यात शतकांचं अंतर आहे, पण खेळ खरा होता आणि राजसभेत चालायचा.

तेव्हा काटेसावर, तुमचा तो 'पूर्तिकार'. आणि क्रियापद 'पुरी करणे', जे तुम्ही पहिल्याच वाक्यात लिहिलेलं आहे.

पाटावरवंटा
'समस्यापूर्ती' आजच्या वाचकाला कळणार नाही. समस्या म्हणजे पाणीटंचाई, वाहतूक कोंडी. समस्येची पूर्ती झाली म्हणजे टंचाई पूर्ण झाली असं वाटेल!

ओलीसुकी
का कळणार नाही? मूळ अर्थच तो आहे. सम् + अस्, एकत्र टाकणे, जोडणे. दुसऱ्याने पुरा करायला दिलेला श्लोकाचा तुकडा म्हणजे समस्या. अडचण हा अर्थ नंतर चिकटला, मला वाटतं हिंदी वर्तमानपत्रांच्या वाटेने. आपण मूळ अर्थ वापरला तर तो परत रुजेल.

आडवाट
असा कोणताही शब्द परत रुजत नाही. लोक शब्द वापरतात, कोश तो मागाहून नोंदवतो. आणि 'हिंदीच्या वाटेने'ला आधार काय? मराठीत नको असलेली प्रत्येक गोष्ट हिंदीच्या दारात टाकायची सवय झाली आहे आपल्याला.

निवडुंग
मी या विषयावर थोडं काम केलंय म्हणून लिहितो. अर्ध्या ओळी पुऱ्या करण्याच्या खेळात आणि दिलेल्या ओळींतून निवडण्याच्या खेळात फरक करायला हवा, तरच क्रियापद नीट ठरेल.

२०२० मध्ये आलेल्या 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' या गेममध्ये ठरावीक जागी बसून हायकू करता येतो. पण तुम्ही लिहीत नाही. नजर निसर्गातल्या एकेका गोष्टीवर न्यायची, प्रत्येक ओळीसाठी समोर येणाऱ्या पर्यायांतला एक उचलायचा. तिथे 'जुळवणे' बरोबर. फ्रेंच लेखक रेमों क्वेनोचं १९६१ चं पुस्तकही याच जातीचं. दहा सुनीतं (सॉनेट), प्रत्येकाच्या चौदा ओळी वेगवेगळ्या पट्ट्यांवर कापलेल्या. कोणत्याही सुनीताची पहिली ओळ घ्या, कोणत्याही दुसऱ्याची दुसरी. यमकं अशी बांधलेली की काहीही कुठेही बसतं. दहाचा चौदावा घात इतक्या कविता. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणितग्रंथातल्या गणनेत या संख्येला 'जलधी' म्हणतात, आणि मला तो शब्द तिथे फार शोभतो. दिवसरात्र वाचत बसलं तरी एकोणीस कोटी वर्षं लागतील असा खुद्द क्वेनोचा हिशोब होता. इथेही वाचणारा 'जुळवतो'.

'एलेजी'मध्ये मात्र शब्द तुमचे असतात. त्यात २७ आव्हानं आहेत. काहींत निम्म्या वाटेवर नवीन माहिती हाती येते आणि आधी लिहिलेल्या ओळींचा अर्थच फिरतो. मग मागे जाऊन त्या बदलायच्या, की पुढच्या ओळींनी त्यांना सांभाळून घ्यायचं? हा निर्णय कवीचाच असतो. तिथे 'भरतो' लिहिणं म्हणजे गेम न उघडता लिहिणं.

दौत
निवडुंग, उत्तम. पण बंधन घालून घेणं आपल्यालाही नवीन नाही. मोरोपंतांचं निरोष्ठ रामायण पाहा. प फ ब भ म ही ओठ मिटणारी अक्षरं वर्ज्य. म्हणजे अख्खं रामायण सांगायचं आणि 'राम' म्हणायचं नाही! त्यांनी राघव, दाशरथी अशा वाटांनी जावं लागणं हीच त्यातली गंमत. याला पंडिती मराठीत 'बांधणे' म्हणतात. पद बांधणे, काव्य बांधणे.

पाटावरवंटा
बारामतीत बसून एकट्याने केलेलं निरोष्ठ रामायण हा खेळ कसा? खेळाला समोर कुणीतरी लागतो. कलगी-तुऱ्यात सवाल टाकला की दुसऱ्या फडाला जबाब द्यावाच लागतो. तिथे कविता आणि डाव एकच असतात. 'डाव मांडणे', 'डाव टाकणे', 'डाव उलटवणे' ही सगळी क्रियापदं शाहिरांनी कवितेला वापरलीच आहेत. मग 'गेम' या शब्दालाच 'डाव' का नाही म्हणायचं?

आडवाट
कारण 'गेम' मराठी आहे. पोरं 'गेम खेळतात'. 'डाव' लिहिलंत तर वाचक पत्त्यांकडे जाईल.

ओलीसुकी
सगळं आहे तसंच घ्यायचं असेल तर शब्दचर्चा कशाला? 'महापौर' आणि 'दिग्दर्शक' पहिल्यांदा वाचले तेव्हाही लोक हसलेच होते. आज कुणाला अडखळायला होतं?

आडवाट
हसू आलेले आणि मेलेले शब्दही शेकड्यांनी आहेत, त्यांची नावं आपल्याला आठवत नाहीत एवढंच. 'सॉनेट'चं 'सुनीत' झालं ते टिकलं, कारण कवींनी ते लिहिलं.

काटेसावर
लेख काल पाठवला. 'खेळणारा' आणि 'ओळ पुरी करतो' असं ठेवलंय, 'वापरकर्ता' काढायला संपादक तयार झाले. 'कविता रचतो'च्या जागी त्यांना 'लिहितो' हवं आहे, ते मला अजून सपक वाटतं. बायरनच्या 'डार्कनेस'वर उभं असलेलं जग आहे ते. १८१५ साली तांबोरा ज्वालामुखी फुटला, पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही, तेव्हा लिहिलेली कविता. तिथे सूर्य विझलेल्या जगात माणूस 'लिहितो' म्हणजे काय, डायरी? मुद्रितं येईपर्यंत वेळ आहे, आणखी सुचवा. शीर्षकात 'एलेजी'साठी 'विलापिका' की 'शोकगीत' हेही सांगा.

तिठा
विलापिका. शोकगीत मयताच्या वार्षिकाला म्हणतात तसं वाटतं.

सातबारा
ताई, क्रियापद तर मी दिलंय तुम्हाला.

उंबरठा
एवढ्या मोठ्या चर्चेत उखाण्याचं नाव निघालं नाही याचं नवल वाटलं. लाखो मराठी बायकांनी आयुष्यात केलेली एकमेव कविता तीच. चौकट ठरलेली, यमक ठरलेलं, नवऱ्याचं नाव ही बसवायची जागा. आणि क्रियापद 'घेणे'. उखाणा घेणे. रचणे नाही, पाडणे नाही.

पाटावरवंटा
आमच्याकडे, विदर्भात, 'नाव घे' म्हणतात. उखाणा म्हणजे कोडं. शाळेतून आल्यावर आजोबा उखाणे घालायचे, आणि ओळखता आलं नाही तर हार कबूल करून गाव द्यावं लागायचं. लग्नातल्या दोन ओळींना उखाणा म्हणणं मी पुण्यात आल्यावर ऐकलं.

उंबरठा
सातारा-सांगलीकडे दोन्ही चालतं, म्हणून ते पुण्याचं खूळ म्हणता येणार नाही. माझ्या आईच्या तोंडी लग्नातला तो उखाणा आणि मुलांना घालायचं ते कोडं, असा स्वच्छ फरक होता.

तिठा
आमच्याकडे कोड्याला हुमाण. मालवणीत आणि गोव्यातही हुमाणच. 'हुमाण घालणे'. उखाणा आणि हुमाण यांचं मूळ एकच असावं असं मला फार दिवस वाटत आलंय, '-आण' दोन्हीकडे आहे.

दौत
शेवट जुळला म्हणून मूळ जुळत नाही. तसं म्हटलं तर पुराणही त्यातच बसेल.

तिठा
पुराण तत्सम आहे, ही दोन्ही देशी वाटतात, त्यामुळे तुलना बरोबर नाही. ज्यांच्या घरी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि एखादा कोंकणी कोश दोन्ही आहेत त्यांनी दोन्ही शब्द काढून इथे जसेच्या तसे उतरवावेत. आणि पाटावरवंटा, ते हरल्यावर 'गाव देणे' काय होतं ते सविस्तर लिहा, आमच्याकडे तसं काही नव्हतं.