मिथेनॉल आणि इथेनॉल यांचा क्रियात्मक गट एकच, मग परिणाम इतके वेगळे का?

अकरावी विज्ञान, जुळे सोलापूर
कार्बनी संयुगांच्या धड्यात आम्हाला असे शिकवले आहे की समजातीय श्रेणीतील सदस्यांचा क्रियात्मक गट (रेणूचे रासायनिक वर्तन ठरवणारा अणूंचा गट) एकच असल्यामुळे त्यांचे रासायनिक गुणधर्म सारखे असतात. मिथेनॉल आणि इथेनॉल हे अल्कोहोलच्या श्रेणीतील लागोपाठचे सदस्य आहेत. तरीही मिथेनॉल पोटात गेल्यास दृष्टी जाऊ शकते, इथेनॉलचे तसे होत नाही. मग येथे ‘सारखे’ याचा नेमका अर्थ काय घ्यावा? शिवाय समजातीय सदस्य आणि समघटक यांत माझा दर वेळी घोळ होतो.

निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, बार्शी
प्रश्न चांगला आहे, आणि गंमत म्हणजे तू दिलेले उदाहरण नियमाच्या विरोधात नसून बाजूनेच आहे. यकृतातील एकच विकर (एन्झाइम) या दोन्ही अल्कोहोलांवर एकच क्रिया करते: हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडी) असलेल्या कार्बनचे ऑक्सिडीकरण होऊन आधी अल्डिहाइड तयार होते आणि पुढे दुसऱ्या विकराच्या साहाय्याने त्याचे कार्बोक्झिलिक आम्ल होते. क्रिया सारखी म्हणजे एवढेच. फरक पडतो तो उरलेल्या सांगाड्यामुळे. एक कार्बन असलेल्या मिथेनॉलपासून फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल मिळते, जे शरीरात साचून दृष्टीच्या चेतातंतूला इजा करते. दोन कार्बनच्या इथेनॉलपासून शेवटी असेटिक आम्ल मिळते, आणि ते शरीर सहज वापरून टाकते. याचा पुरावा उपचारातच आहे. मिथेनॉलची विषबाधा झालेल्या रुग्णाला डॉक्टर प्रसंगी इथेनॉल देतात, कारण ते विकर इथेनॉलला आधी हाताशी धरते आणि मिथेनॉल तसेच हळूहळू शरीराबाहेर पडते. क्रियात्मक गट वेगळा असता, तर ही चढाओढ झालीच नसती.

घोळाबद्दल थोडक्यात सांगतो. समजातीय श्रेणीत लागोपाठच्या सदस्यांत एक कार्बन आणि दोन हायड्रोजन यांचा, म्हणजे रेणुवस्तुमानात १४ चा फरक असतो. समघटकांत रेणुसूत्र तंतोतंत तेच राहते, फक्त जोडणी बदलते.

डिस्टिलरीतील प्रयोगशाळा, पंढरपूर तालुका
सरांच्या उत्तरात समघटकांची भर घालतो. इथेनॉल आणि डायमिथिल ईथर या दोघांच्याही रेणूत दोन कार्बन, सहा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असतो. इथेनॉलमध्ये ऑक्सिजनच्या एका बाजूला कार्बन आणि दुसऱ्या बाजूला हायड्रोजन असतो; ईथरमध्ये दोन्ही बाजूंना कार्बन असतात. ऑक्सिजनला जोडलेल्या त्या एका हायड्रोजनमुळे इथेनॉलचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून ते सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळते, तर ईथर उणे २४ अंशांनाच वायू होते. मळी आंबवून आम्ही रोज जे ऊर्ध्वपातन करतो, त्यात मात्र एक अडचण येते: ठरावीक प्रमाणात इथेनॉल आणि पाणी एकत्रच उकळतात, म्हणून इथेनॉल साध्या ऊर्ध्वपातनाने वजनी सुमारे ९५.६ टक्क्यांच्या पुढे शुद्ध होत नाही. पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी उरलेले पाणी वेगळ्या पद्धतीने काढावे लागते.

अकरावी विज्ञान, जुळे सोलापूर
आभारी आहे. मग तीन कार्बन, आठ हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असेल, तर मला दोनच रचना दिसतात: प्रोपेन-१-ऑल आणि इथिल मिथिल ईथर. बरोबर आहे का?

निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, बार्शी
एक राहिली. हायड्रॉक्सिल गट मधल्या कार्बनवर ठेवून पाहा. ते प्रोपेन-२-ऑल, म्हणजे अनेक सॅनिटायझरांत असते ते. परीक्षेत बहुतेकांची हीच रचना सुटते. प्रोपेन-१-ऑल आणि प्रोपेन-२-ऑल हे दोन्ही अल्कोहोलच आहेत, पण ऑक्सिडीकरण केल्यास पहिल्यापासून अल्डिहाइड मिळते आणि दुसऱ्यापासून असिटोन हे कीटोन. गट कोणता, हे लिहून झाले की तो कोणत्या कार्बनवर आहे, हेही लिहीत जा.