प्रति: आयोग आला की न्यायाधीशाचा कारकून होतो?
वर म्हटलंय की शिक्षा आयोग (कुठल्या गुन्ह्याला किती शिक्षा याचा तक्ता ठरवणारं मंडळ) नेमला की न्यायाधीश तक्ता बघून महिने लिहिणारा कारकून उरतो. मला हे अर्धंच पटतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १९७८च्या कायद्याने आयोग आला आणि १९८० पासून तक्ता लागू झाला. एका बाजूला गुन्ह्याची तीव्रता, दुसऱ्या बाजूला आधीच्या गुन्ह्यांचे गुण. त्या चौकटीबाहेर न्यायाधीशाला जाता येतं, फक्त सबळ कारणं नोंदवावी लागतात आणि त्यावर अपील होऊ शकतं. देखरेख म्हणतात ती हीच, आणि ती हवीच.

खरी गोम वेगळीच आहे, ती इथे कुणी काढली नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या ब्लेकली खटल्यात आरोपीने कबूल केलेल्या गुन्ह्यांना तक्त्याप्रमाणे जास्तीत जास्त ५३ महिने बसत होते. न्यायाधीशाने ‘जाणूनबुजून क्रौर्य’ ठरवून ९० दिले. म्हणजे तीन वर्षांहून जास्त वाढीव कैद, ज्यूरीपुढे काहीही सिद्ध न होता! २००४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ती वाढ घटनाबाह्य ठरवली. त्यामुळे कुठल्याही राज्याचं नवं विधेयक आलं की मी आधी एकच कलम शोधते: शिक्षा वाढवणारी वस्तुस्थिती कोणी ठरवायची?